साहेबांचे पंधरा मुक्काम

साहेब आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायाकडे बघत. "बूट दाखव," म्हणायचे. कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यात मी वेल्डर होतो आणि ते इंजिनीअर. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिलो तर म्हणाले, "हात नकोत, बूट दाखव." नाडी सैल असली की माणूस सैल, हा त्यांचा कायदा. रिटायर झाल्यावरही ही खोड गेली नाही. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळे बूट दाराशी काढून ठेवायचे, आणि साहेब आत जायच्या आधी त्या रांगेपाशी उभे राहून कोण कसा आहे ते ठरवून टाकायचे. एकदा एका डॉक्टरला भर पंगतीत म्हणाले, "तुमच्या टाचा एका बाजूनं झिजल्यात. पेशंटला सरळ चाला म्हणून कुठल्या तोंडानं सांगता?" त्या डॉक्टरनं पुढं त्यांना घरी बोलावणं सोडलं. हळूहळू सगळ्यांनीच सोडलं.

असा एखादा माणूस तुम्हीही बघितला असेल. हुशार तर असतोच, पण आपण हुशार आहोत हे रोज कुणावर तरी घासून बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. साहेबांनी घासायला दोन माणसं कायमची ठेवली होती. एक त्यांची बायको, दुसरा मी.

मी चौथी शिकलो. त्याची मला लाज नाही आणि कौतुकही नाही. कॅनडात आलो तेव्हा साहेबांनीच माझ्या कागदावर सही केली होती, ती त्यांनी मला पुढं चाळीस वर्षं विसरू दिली नाही. मी काही बोलायला तोंड उघडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तू ऐक फक्त." लोक म्हणतात मला इंग्रजी वाचता येत नाही. बरोबर आहे. पण मला जुळवता येतं. कारखान्यात प्रत्येक पार्टला पट्टी असायची, त्यावर आकडे आणि अक्षरं. ड्रॉइंगवरची अक्षरं आणि पट्टीवरची अक्षरं मी एकाखाली एक धरायचो, आणि चित्राला चित्र जुळलं तरच हात लावायचो. वाचणारे चुकायचे, कारण ते वाचण्याआधीच त्यांना वाटायचं की आपल्याला माहीत आहे. माझ्या हातून चुकीचा पार्ट कधी गेला नाही.

वहिनी लग्नाआधी साताऱ्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही, साहेबांनी सांगितलं, तेही आठ-दहा माणसं जेवायला बसलेली असताना. म्हणाले, "ही पोरींना नकाशा शिकवायची. आणि हिला आमच्या बेसमेंटमधून वर यायचा रस्ता सापडत नाही." सगळे हसले. मीही हसलो. वहिनीपण हसल्या आणि त्यांनी साहेबांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

वहिनींना गाडी चालवता येत नव्हती. साहेबांनी कधी शिकू दिली नाही. त्यामुळं घरातली सगळी सत्ता एका चावीत होती. भांडण झालं की साहेब आवाज चढवायचे नाहीत, चावी पँटच्या खिशात घालायचे. मग ग्रोसरी नाही, देऊळ नाही, कुणाकडं जाणं नाही. वहिनींची एक मैत्रीण होती, आपल्या ओंटॅरिओतल्याच लंडनला, दोन तासांवर. ती आजारी पडली, फार आजारी. वहिनी म्हणाल्या, मला नेऊन सोडा. आदल्या दिवशी कसल्यातरी कारणावरून वाजलं होतं. साहेब म्हणाले, "अजून विंटर टायर घातले नाहीत," आणि चावी खिशात. बर्फात चालणारे ते टायर गॅरेजमध्येच होते. मी म्हणालो, मी तासाभरात घालतो. तर म्हणाले, "तू ऐक फक्त." आठवड्यानं मैत्रीण गेली. मी वहिनींना माझ्या गाडीतून न्यायला हवं होतं. मी साहेबांच्या शब्दाबाहेर गेलो नाही. हे मी इथं लिहून ठेवतो.

त्यांचा मुलगा चार तासांवर वॉनला असतो. साहेबांनी एकदा गॅरेजच्या दाराला गाडी घासली आणि एकदा लाल दिव्यातून नेली, तेव्हापासून तो मागं लागला होता. डॅड, घर विका, वॉनला या, तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी चांगल्या बिल्डिंगी आहेत, खाली नर्स असते, गाडीची गरज नाही. साहेबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. गाडी ते उत्तम चालवायचे. मी वेल्डरच्या डोळ्यानं सांगतो, हात स्थिर होता आणि नजरही. पण मुलाचं बोलणं त्यांना झोंबलं. एका रविवारी माझ्यासमोरच त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि पैज लावली.

"मी फ्रान्सला जातो. मोटरहोम घेऊन. पंधरा रात्री, पंधरा मुक्काम. भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. सगळे मुक्काम मी स्वतः शोधणार. रोज संध्याकाळी तुला फोटो पाठवीन. पंधराच्या पंधरा सापडले तर चावीचा विषय पुन्हा काढायचा नाही."

मुलगा हसत म्हणाला, "अँड इफ नॉट?"

"तीन चुकले तर चाव्या तुझ्या. घरही वीक."

वहिनी तेव्हा खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी पडदा सरळ केला.

मुलानं एकच अट घातली, कुणीतरी सोबत न्या. वहिनी तर बरोबर असणारच होत्या, साहेबांनी मलाही न्यायचं ठरवलं. मोटरहोमची, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीची, घाण पाण्याची टाकी रोज रिकामी करावी लागते. ते काम त्यांच्या नजरेत माझ्याच मापाचं होतं.

फ्रान्समध्ये गावोगावी मोटरहोमना रात्री उभं राहायला जागा ठेवलेल्या असतात. कुठं खेळाच्या मैदानामागं, कुठं नदीकाठी. पाण्याचा नळ असतो, घाण पाणी सोडायला जाळी असते, एक पाटी असते. पण अशा जागेला घर नंबर नाही की रस्त्याचं नाव नाही. म्हणून त्यांचं एक जाडजूड पुस्तक मिळतं, त्यात प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश छापलेले. ते जीपीएसच्या यंत्रात घातले की यंत्र तुम्हाला थेट नळापर्यंत नेतं. साहेबांना ही पद्धत पाठ होती. ओंटॅरिओत त्यांनी अशीच कितीतरी जंगलं आणि तळी शोधून काढली होती. त्यांनी पुस्तक मागवलं, यंत्रात युरोपचा नकाशा भरला, आणि थंडीभर डायनिंग टेबलावर बसून पंधरा जागा निवडल्या. गावांची नावं लिहून घेतली नाहीत. वहीत फक्त एक ते पंधरा क्रमांक आणि पुढं आकडे.

"नावं कशाला नाही लिहीत?" मी विचारलं.

"नावं माणसं ठेवतात. जागेचं खरं नाव म्हणजे आकडा."

आकडे यंत्रात भरताना माझं काम पुस्तकातल्या ओळीवर बोट धरून ठेवायचं. साहेब पुस्तकात बघायचे, वहीत लिहायचे, मग यंत्रात दाबायचे. बोट कामाला होतं पण डोळे रिकामे होते, म्हणून ते आपलं काम करू लागले. पुस्तकातल्या ओळीच्या शेवटी एक अक्षर होतं, यंत्राच्या ओळीच्या शेवटीही एक अक्षर होतं. पहिल्या चार जागांकडं मी लक्ष दिलं नाही. पाचव्या जागेला पुस्तकात होता ई. यंत्रावर होता डब्ल्यू. सहाव्यालाही तसंच. साहेब त्या अक्षराला हातच लावत नव्हते. यंत्र सुरू केलं की डब्ल्यू आधीच तिथं असायचा, जसा घराच्या भिंतीला रंग असतो.

मी म्हणालो, "साहेब, हे शेवटचं अक्षर जुळत नाही."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं, मग वहिनींना हाक मारली. "अगं ऐकलंस का? हा मला जीपीएस शिकवतोय. चौथी पास." मग मला म्हणाले, "पन्नास वर्षं मी अक्षांश-रेखांश वापरतोय. तू बोट धर. आणि तू ऐक फक्त."

मी बोट धरलं. पाचव्यापासून पुढच्या अकराच्या अकरा जागा तशाच गेल्या आणि मी एकेक बघितली.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही बरोबर बघितलंत."

"काय?"

"अक्षर. कॅनडात कुठंही जा, आपण पश्चिमेलाच. म्हणून तो वेस्टचा डब्ल्यू बदलायची ह्यांना कधी वेळच आली नाही. पण शून्य रेखांशाची रेघ फ्रान्सच्या अंगातून जाते. रेघेच्या एका बाजूचा फ्रान्स पश्चिमेला, दुसऱ्या बाजूचा पूर्वेला. पूर्वेच्या गावाला पश्चिम लावलं तर आरशात दिसावं तसं ते रेघेच्या उलट बाजूला जाऊन पडेल."

"मग यंत्र ओरडणार नाही?"

"का ओरडेल? तिथंही फ्रान्सच आहे. रस्ते आहेत, शेतं आहेत. नेईल बिचारं."

"मग त्यांना सांगा की."

"तुम्ही सांगितलंत ना आत्ता. काय मिळालं?" त्यांनी कोथिंबिरीची एक पिवळी काडी बाजूला टाकली. "लायसन्स ह्यांचं कुणी काढून घेणार नाही. गाडी चांगली चालवतात. स्वतःच्या हातानं चावी देतील तरच ती सुटेल. भाऊजी, तुम्ही आता परत सांगू नका."

एक खरं सांगतो. त्यांनी विनवणी केली म्हणून मी गप्प बसलो नाही. मी एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही. बाप मरेपर्यंत त्यालाही मी एकच गोष्ट दोनदा सांगितली नव्हती. साहेबांनी म्हटलं होतं, ऐक फक्त. ठीक आहे, ऐकतो.

फ्रान्सला नाँत नावाचं शहर आहे. तिथं साहेबांच्या ओळखीचा एक रिटायर इंजिनीअर राहायचा, त्यानं आपली मोटरहोम वापरायला दिली. पुस्तक जड म्हणून साहेबांनी ते विंडसरलाच ठेवलं. वही शर्टाच्या खिशात आणि यंत्र काचेला चिकटवलेलं.

पहिले चार मुक्काम समुद्राकडून आत येत गेलेले, पण अजून रेघेच्या पश्चिमेचेच. चारही अचूक. यंत्रातली बाई बोलायची बंद झाली की समोर नळ, समोर जाळी, समोर पाटी. साहेबांनी पाटीला टेकून फोटो काढले आणि मुलाला पाठवले. तिसऱ्या दिवशी मुलाचं उत्तर आलं, वॉव डॅड. ते त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

त्या चार दिवसांत साहेब मला नवीनच दिसले. चौथ्या दिवशी सकाळी ते पायी जाऊन गावातून लांबडा पाव घेऊन आले. वहिनी उठायला लागल्या तर म्हणाले, "तू बस. आज मी कापतो." पाव नीट कापता आला नाही, सगळा चुरा झाला. तरी त्यांनी तिच्यासाठी लोणी लावलं, मग माझ्यासाठी लावलं. वहिनींनी तो तुकडा हातात धरला आणि माझ्याकडं बघितलं. यंत्र चार हातांवर होतं. एक बोट लावलं असतं तरी डब्ल्यूचा ई झाला असता. त्यांनी नजर खाली घातली आणि पाव खाल्ला. मीही माझा खाल्ला. चांगला होता.

पाचवा मुक्काम लवार नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे आम्ही पूर्वेकडं सरकायचं होतं. जेवण करून निघालो. अर्ध्या तासात माझ्या तोंडावर ऊन आलं.

"साहेब, दुपारनंतर ऊन तोंडावर येतंय. पूर्वेला जाणाऱ्याच्या पाठीवर पडायला पाहिजे."

"नदीला वळसा आहे. तू ऐक फक्त."

वळसा तास-दीड तास चालला. शेवटी यंत्रातल्या बाईनं सांगितलं की पोहोचलो. आम्ही द्राक्षांच्या मळ्यात उभे होतो. दोन्हीकडं वेली, समोर मातीचा रस्ता आणि तो पुढं संपलेला. नळ नाही, पाटी नाही, दुसरी एकही गाडी नाही. साहेब उतरले. मळ्याभोवती फिरून आले. गुडघ्यापर्यंत चिखल.

वहिनी खिडकीतून म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात, "अहो, आकडे परत एकदा बघता का?"

साहेबांनी वही काढली. वहीतला आकडा, यंत्रातला आकडा. एकेक अंकावर नखानं टिचकी मारत गेले. सगळे बरोबर. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बरोबर. यंत्रातल्या शेवटच्या अक्षरापाशी नख यायचं आणि तिथून उचललं जायचं.

"पुस्तकात चूक असेल," ते म्हणाले.

"असेल," वहिनी म्हणाल्या.

मुलाला त्यांनी फोन करून एक चुकला म्हणून सांगितलं. खोटं बोलणं त्यांच्यात नव्हतं, हे मी त्यांचा वैरी असतो तरी लिहिलं असतं.

सहावा मुक्काम एका कोंबड्यांच्या शेडमागं निघाला. त्या वासात आम्ही रात्र काढली आणि साहेब जेवले नाहीत. सकाळी बघतो तर वहीतल्या पंधराही ओळी त्यांनी नवीन पानावर पुन्हा लिहून काढल्या होत्या, मोठ्या अक्षरात, शाळेतल्या मुलासारख्या. मला म्हणाले, "जरा बघ रे. तुला काही चुकलेलं दिसतं का?"

चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी वही हातात घेतली. पान सगळं बघितलं.

"आकडे बरोबर आहेत, साहेब," मी म्हणालो.

खरंच बरोबर होते.

सातवा मुक्काम. रविवार होता, दुपार. यंत्रानं आम्हाला एका शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन उभं केलं. झाडाखाली लांब टेबल मांडलेलं, त्यावर पांढरं कापड, सगळं घराणं जेवायला बसलेलं. दहा-बारा माणसं. मोटरहोम टेबलापासून चार पावलांवर थांबली आणि सगळ्यांचे काटे हवेत राहिले.

साहेब वही घेऊन उतरले. इंग्रजीत सांगायला लागले की ही सरकारी जागा आहे, इथं नळ असला पाहिजे. आकडे वाचून दाखवायला लागले. फोर्टी सेव्हन पॉइंट. आवाज चढला, मग फाटला. कुणी रागावलं नाही, हेच वाईट झालं. टेबलाच्या टोकाचा म्हातारा उठला, साहेबांच्याच वयाचा. त्यानं आपली खुर्ची साहेबांच्या मागं आणून ठेवली, दंडाला धरून त्यांना बसवलं आणि ग्लासात पाणी दिलं. लहान मुलाशी बोलावं तसं हळूहळू काहीतरी बोलला. साहेब त्याला आकडे वाचून दाखवतच होते.

वहिनी मोटरहोमच्या पायरीवर उभ्या होत्या. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं. एक बोट आपल्या कपाळाला लावलं, मग साहेबांकडं दाखवलं आणि भुवया वर केल्या. भाषा लागत नाही अशा प्रश्नाला.

वहिनींनी मान हलवली. हो.

साहेबांनी ते बघितलं. वाचता वाचता थांबले. वही मिटली आणि मांडीवर ठेवली. पाणी प्यायले, ग्लास परत दिला, म्हाताऱ्याला थँक यू म्हणाले. गाडीपाशी आले आणि ड्रायव्हरच्या बाजूला न जाता मागच्या दारानं आत चढले.

"चालव," मला म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला. मराठीत बोलले. मुलगा तिकडून इंग्रजीत. "तिसरा चुकला. आकडे बरोबर दिसतात, पण जागा येत नाही. म्हणजे मला जे दिसतंय ते बरोबर नाही. तू म्हणत होतास ते खरं होतं." मुलगा म्हणाला, "इट्स ओके, डॅड." साहेब म्हणाले, "ओके नाही. पण ठरलंय ते ठरलंय."

उरलेले आठ दिवस मी चालवली. वहिनी पुढं बसल्या. पेट्रोल पंपावर कागदी नकाशा घेतला होता, तो मांडीवर पसरून त्या मला वळणं सांगायच्या आणि एकही चुकल्या नाहीत. मुक्काम शोधणं तर अगदी सोपं निघालं. चार वाजल्यानंतर कुठल्याही गावाबाहेर थांबायचं. पांढऱ्या मोटरहोम एकामागून एक एकाच बाजूला वळताना दिसतात. त्यांच्या मागं जायचं. नळ समोर. वहिनी एकदा हसून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तर यंत्राहून बरे." मागं साहेब बसलेले होते. त्यांनी ऐकलं. त्यांना ऐकू जावं म्हणूनच त्या म्हणाल्या असाव्यात.

घर तीन महिन्यांत विकलं गेलं. गाडी मुलानं नेली. वॉनच्या त्या बिल्डिंगीत दोघं राहायला गेले, सहाव्या मजल्यावर, खाली पार्किंग लॉट आणि पलीकडं गोडाऊन. वहिनींचं चांगलं झालं, हे बघितलेलं सांगतो. बिल्डिंगीतल्या गुजराती बायकांबरोबर बसनं देवळात जाऊ लागल्या, तिथल्या मराठी शाळेत शनिवारी लहान मुलांना नकाशे शिकवू लागल्या. त्यांचा आवाजसुद्धा मोठा झाला.

साहेबांची डॉक्टरनं परीक्षा घेतली. घड्याळ काढा, शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. सगळ्यात पास. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम. साहेबांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, "परीक्षेत आकडे बरोबरच येतात माझे."

दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात भेटले. जेवणं झाली होती. मी त्यांचं रिकामं ताट उचललं तर त्यांनी माझी बाही धरली. "अरे, मला वाटतंय मी जेवलो. पण तू बघितलंस का?"

"बघितलं साहेब. दोन पुऱ्या, श्रीखंड, भात."

"मग ठीक," म्हणाले.

ते मला बघवलं नाही. बाकी सगळं मी बघितलं होतं.

ते पुस्तक माझ्याकडंच होतं. घर रिकामं करताना वहिनींनी टाकायला काढलं होतं, मी उचलून आणलं. थंडी संपायच्या आत एका रविवारी ते शेजारच्या सीटवर ठेवलं आणि विंडसरहून वॉनपर्यंत चार तास गाडी चालवत गेलो. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला निघालो होतो.

दोघंही घरात होते. वहिनींनी चहा टाकला. मी साहेबांच्या समोर स्टूल ओढून बसलो, पुस्तक उघडलं आणि पाचव्या जागेच्या ओळीवर बोट धरलं. सगळं सांगितलं. अक्षर सांगितलं, शून्याची रेघ सांगितली, आरसा सांगितला. यंत्र कॅनडात सुरू केलं की डब्ल्यू आपोआप कसा येतो ते सांगितलं. "साहेब, तुमचं डोकं चुकलं नव्हतं. एक अक्षर चुकलं होतं. कुणाचंही चुकलं असतं. मला विंडसरपासून माहीत होतं."

वहिनींचं नाव मी घेतलं नाही. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग हसले. माझं बोट त्यांनीच हलक्या हातानं ओळीवरून उचललं आणि पुस्तक मिटलं.

"एवढं सांगायला एवढ्या लांबून आलास?"

"हो."

"अक्षरबिक्षर सगळं जुळवून आणलंस. किती दिवस बसला होतास यावर?"

"जुळवलेलं नाही साहेब, खरं आहे. तुम्ही डोळ्यानं बघा."

"माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलास." ते वहिनींकडं वळले. "बघितलंस का गं? माझं मन राखायला काय गोष्ट रचून आणलीय. स्वतःवर आळ घेतोय. म्हणे मला माहीत होतं."

"वहिनी, तुम्ही सांगा," मी म्हणालो.

वहिनी वळल्या. माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. कप त्यांच्या हातात होते. त्यांनी ते टीपॉयवर ठेवले, एक त्यांच्यापुढं आणि एक माझ्यापुढं.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "गार होईल."

साहेबांनी माझा हात हातात घेतला. चाळीस वर्षांत त्यांनी मला हात लावलेला मला आठवत नाही. त्यांचा हात गरम होता आणि अजूनही स्थिर होता.

"तू फार चांगला माणूस आहेस," ते म्हणाले.

साहेब पुढच्या उन्हाळ्यात गेले. माझ्याबद्दल त्यांनी काढलेला तेवढा एकच चांगला शब्द. मी तो परत केला नाही. त्या दिवशी चहा प्यालो, पुस्तक काखेत मारलं आणि अंधार पडायच्या आत विंडसरच्या रस्त्याला लागलो.